खाडीतला किल्ला आणि वीस बाजूंचा पासा

जून लागला की कोकणातल्या बोर्ली पंचतनची संध्याकाळ लांबते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. भरडखोल आणि दिघीच्या होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात. दिवेआगरला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या विरळ होतात, बाजारपेठेत लवकर सामसूम होते आणि एखाद्या जोरदार सरीबरोबर वीज जाते. घरात मग पत्त्यांचा कॅट निघतो, कॅरम निघतो, नाहीतर ज्याच्या-त्याच्या हातात ज्याचा-त्याचा मोबाइल. या वेळेत बसेल असा आणखी एक खेळ आहे. त्याला कागद, पेन्सिल, पासे आणि बोलायला तयार असलेली चार-पाच माणसे लागतात. मेणबत्तीच्या उजेडातही तो तितकाच रंगतो.

जगभर तो टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम किंवा नुसता आरपीजी म्हणून ओळखला जातो. त्यातला सर्वांत जुना आणि प्रसिद्ध खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, खेळणाऱ्यांच्या तोंडी ‘डीएनडी’. यात एकजण डीएम, म्हणजे डंजन मास्टर होतो. तो प्रसंग सांगतो, वाटेत भेटणारे पहारेकरी, व्यापारी, राक्षस सगळे स्वतः वठवतो आणि नियम सांभाळतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. पात्राची सगळी माहिती एका कागदावर असते: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि समोरच्यावर पडणारी छाप, असे सहा गुण आणि त्यांचे आकडे. कोणी एक जिंकत नाही, कोणी एक हरत नाही. आजच्या बैठकीत गोष्ट जिथे थांबली, तिथून ती पुढच्या आठवड्यात सुरू होते. काही गोष्टी वर्षानुवर्षे चालतात.

खेळ वाचून नीट कळत नाही, म्हणून एक बैठक कल्पनेनेच मांडून पाहावी. गोष्ट सतराव्या शतकातल्या कोकणासारख्या किनाऱ्यावर घडते आहे. बोर्लीच्या घरी आत्या डीएम आहे. तिच्यासमोर दहावीतली पुतणी आणि आजोबा बसले आहेत. लॅपटॉपवर दुबईहून पुतणीचा मामा आहे.

“भरती लागली आहे,” आत्या सांगते. “मचवा बुरुजाखालच्या खडकांना घासतोय. वर पहारेकऱ्याची मशाल डावीकडून उजवीकडे चालली आहे. काय करता?”

“मी दोराची शिडी फेकते,” पुतणी म्हणते. तिचे पात्र कोळीवाड्यातल्या दांडग्या मुलीचे आहे.

“फेक. पण बुरूज शेवाळलाय. पंधरा हवेत.”

वीस बाजूंच्या पाशावर सहा पडतात. बळाचे तीन मिळवून नऊ.

“शिडीचा आकडा दगडावर खणकन वाजला आणि पाण्यात पडला. वर मशाल थांबली.”

“ताई, माझा माणूस सोंगाड्या आहे ना?” मामा घाईने म्हणतो. “तो कोल्हेकुई करतो. पहारेकऱ्याला वाटू दे, कोल्हे आलेत.”

“समुद्रातल्या किल्ल्यावर कोल्हा पोहत आला का?” आजोबा विचारतात.

“बरं अण्णा, मग घुबड.”

“घुबड चालेल. तेरा हवेत.” अकरा पडतात, वर सोंगाड्याचे पाच. पहारेकरी काहीतरी पुटपुटतो आणि पुढे चालू लागतो. पुतणी पुन्हा शिडी उचलते, तेवढ्यात आजोबा तिला थांबवतात. “आधी गस्त मोज. मशाल परत फिरून यायला किती वेळ लागतो ते बघ. ती पाठमोरी झाली की फेक.” आत्याला सल्ला पटतो आणि ती पुतणीला दोन पासे टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा देते.

या एवढ्या प्रसंगात खेळाचा सगळा व्यवहार आला. खेळाडू सांगतो, डीएम ऐकतो, निकाल आधीच उघड असेल तर पासा टाकायचाच नाही, आणि नसेल तेव्हाच टाकायचा. त्यामागचे गणितही साधे आहे. पंधरा हवेत आणि बळाचे तीन मिळणार, म्हणजे पाशावर किमान बारा पडायला हवेत. वीसपैकी असे नऊ आकडे आहेत, म्हणून यशाची शक्यता 45 टक्के. मामाला आठ किंवा अधिक हवे होते, त्याची शक्यता 65 टक्के. आजोबांच्या सल्ल्याने दोन पासे मिळाले, तेव्हा अपयशासाठी दोन्ही पासे फसावे लागणार. पंचावन्न टक्क्यांचे पंचावन्न टक्के म्हणजे तीसच्या आसपास. पुतणीची शक्यता 45 वरून जवळजवळ 70 टक्क्यांवर गेली. शाळेत संभाव्यतेचा धडा रुक्ष वाटणाऱ्या मुलामुलींना इथे तो स्वतःच्या पात्राच्या जिवासाठी सोडवावा लागतो, आणि ती तो सोडवतात.

प्रसंग रचलेला आहे, पण त्याचे बीज त्या किनाऱ्याचेच आहे. दिघीच्या धक्क्यावरून जंजिरा दिसतो. शिवाजी महाराजांच्या काळात लाय पाटील या कोळी सरदाराने सिद्दीच्या त्या किल्ल्याला रात्री शिड्या लावल्या, ठरलेली कुमक वेळेत पोहोचली नाही म्हणून पहाटेआधी त्याला त्या काढून परत फिरावे लागले, अशी परंपरागत हकिकत आहे. महाराजांनी देऊ केलेली पालखी त्याने नम्रपणे नाकारली, तेव्हा त्याच्यासाठी ‘पालखी’ नावाचे गलबत बांधले गेले, असेही तीच हकिकत सांगते. पुढे 1682 मध्ये संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत दगडांचा बांध घालण्याचा प्रयत्न केला. जंजिरा तरीही मराठ्यांच्या हाती लागला नाही. इतिहास बदलता येत नाही आणि बदलूही नये. पण ‘कुमक वेळेवर आली असती तर’ हा प्रश्न कोकणातल्या प्रत्येक मुलाने कधी ना कधी विचारलेला असतो, आणि या खेळात तो प्रश्न टेबलावर ठेवून पाच जणांना मिळून त्याचे उत्तर शोधता येते.

खेळाचा जन्म मात्र अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातला. गॅरी गायगॅक्स नावाचा गृहस्थ तिथे राहत होता. विमा कंपनीतली नोकरी 1970 मध्ये सुटल्यावर तो घरीच जोडे दुरुस्त करी आणि उरलेल्या वेळात तळघरातल्या वाळूच्या टेबलावर लहान शिशाचे सैनिक मांडून मित्रांबरोबर लढाया खेळे. दुसरीकडे, शेजारच्या मिनेसोटा राज्यात डेव्ह आर्नेसन हा तरुण ‘ब्लॅकमूर’ नावाची वेगळीच गंमत चालवत होता. त्यात खेळाडू अख्खे सैन्य हलवत नसत. प्रत्येकजण एकाच माणसाची भूमिका घेई आणि किल्ल्याखालच्या भुयारांत उतरे. 1972 च्या अखेरीस आर्नेसनने लेक जिनिव्हाला येऊन हा प्रकार गायगॅक्सला दाखवला. नंतर टिपणे टपालाने गेली, फोनवर बोलणी झाली.

गायगॅक्सने नव्या नियमांची पहिली परीक्षा घेतली ती स्वतःच्या मुलांवर. एर्नी आणि एलिस ही भावंडे त्याच्या कल्पित ग्रेहॉक किल्ल्याच्या तळघरात प्रथम उतरली. त्यांना तिथे 3,000 तांब्याच्या नाण्यांची पेटी सापडली, पण ती इतकी जड निघाली की उचलून नेता येईना. मुले खट्टू झाली. ती झोपायला गेल्यावर बाप भुयाराचा दुसरा मजला रचायला बसला. खेळाचे नावसुद्धा घरातच ठरले. गायगॅक्स सांगत असे की नावांची यादी वाचून दाखवल्यावर अगदी धाकट्या मुलीने त्यातले ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ पसंत केले. म्हणजे घरातली मुले आणि दुसऱ्या राज्यातला मित्र, या दोघांच्या साथीने हा खेळ उभा राहिला. कुटुंब आणि दूरचे सवंगडी ही जोडी इंटरनेटने लावलेली नाही. ती पहिल्या दिवसापासून आहे.

प्रस्थापित कंपनीने खेळ नाकारला, तेव्हा गायगॅक्सने दुसऱ्या एका मित्राबरोबर 1973 मध्ये टीएसआर ही कंपनी काढली आणि 1974 च्या जानेवारीत 1,000 प्रती छापल्या. तीन पातळ पुस्तिका, एक खोके, किंमत 10 डॉलर. खोकी हातांनी भरलेली होती आणि वर्षभराच्या आत संपली. वीस बाजूंचे पासे तेव्हा खेळण्यांच्या दुकानात मिळत नसत. गणिताच्या शिक्षकांसाठी शैक्षणिक साहित्य विकणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमधून ते मागवावे लागत. सत्तरच्या दशकाअखेर मागणी इतकी वाढली की पासे कमी पडले आणि काही पेट्यांत पाशांऐवजी आकडे छापलेल्या चकत्या घालून त्या विकल्या गेल्या. बोर्लीतल्या घराला यातून एक सरळ उपाय मिळतो. हाऊझीच्या संचातले 1 ते 20 आकडे वाटीत टाकायचे, न बघता एक काढायचा, पुन्हा वाटीत ठेवायचा. पासा तयार.

नियम परके, पुस्तके इंग्रजी, पण मराठी घराला या खेळातले फारसे काही नवे नाही. दिवाळीत मुले अंगणात माती-दगडांचा किल्ला करतात, अळिवाचे हिरवे शेत पेरतात, पायथ्याशी गाव वसवतात, बुरुजांवर मावळे उभे करतात आणि कोणता मावळा कुठून चढणार यावर तासन् तास भांडतात. गायगॅक्सच्या वाळूच्या टेबलावर याहून फार वेगळे काही होत नव्हते. आणि प्रसंग ठरलेला, पण संवाद जागेवर रचायचे, ही रीत तर तळकोकणातला दशावतार पिढ्यान् पिढ्या चालवतो. दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. कथानक आधी आपसांत ठरते आणि रात्री राजा, राक्षस, नारद समोरासमोर आले की त्यांचे बोलणे तिथल्या तिथे जन्माला येते. समोरच्याने टाकलेला शब्द झेलायचा, त्याला उत्तर द्यायचे आणि कथा पुढे न्यायची, ही दशावतारी नटाची कमाई आहे. डीएनडीच्या टेबलावर चांगला खेळाडू नेमका याच कसोटीला उतरतो. कोकणी आजोबांना हा खेळ शिकवावा लागेल तो फक्त पाशापुरता; बोलणे त्यांच्याकडूनच शिकावे.

राक्षसांच्या बाबतीत तर कोकण स्वयंपूर्ण आहे. डीएनडीच्या 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या प्राणिकोशात ‘राक्षस’ याच नावाचा एक जीव आहे: वाघाचे डोके, अंगात उंची अंगरखा, तोंडात पाइप. 1980 च्या दुसऱ्या एका पुस्तकात इंद्र, यम, काली यांनाही लढाईचे आकडे लावलेले दिसतात. दुरून पाहिलेले, अर्धवट समजलेले हे चित्रण होते. अलीकडे ते सुधारते आहे. 2022 च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या अधिकृत पुस्तकात मिमी मोंडल या भारतीय लेखिकेने बंगालच्या नद्यांच्या प्रदेशावरून बेतलेली एक साहसकथा लिहिली आहे. बंगालला जे मिळाले ते कोकणाला का मिळू नये? सामग्री तर कधीची जमा आहे. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी कोकणातल्या शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवून लोकसमजुती गोळा केल्या होत्या. 1909 मध्ये जॅक्सन यांची हत्या झाली; पुढे आर. ई. एन्थोव्हेन यांनी ती टिपणे संपादित केली आणि कोकणचा खंड 1915 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वेताळ आहे, मुंजा आहे, झोटिंग, खवीस, हडळ, गिऱ्हा आहेत. कोण कुठे राहतो, कोणाला धरतो, कशाने सुटतो, हे सगळे गावोगावच्या मास्तरांनी लिहून कळवलेले आहे.

मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा, त्याचे ठाणे पिंपळावर. उलट्या पावलांची हडळ. रात्री खाडी ओलांडणाऱ्याला हाका मारून खोल पाण्यात नेणारा गिऱ्हा. ओळखीच्या रानात पहाटेपर्यंत गोल फिरवणारा चकवा. परदेशी ड्रॅगनशी लढताना बोर्लीतल्या मुलीला त्याचे चित्र बघावे लागते. गिऱ्ह्याशी लढताना तिला कशाचीच गरज नाही, ती खाडी तिने ओहोटीलाही पाहिलेली असते आणि अंधारातही. शिवाय हे जीव तलवारीने मरणारे नाहीत. मुंज्याची राहिलेली इच्छा कोणती ते शोधावे लागते, वेताळाशी बोलावे लागते, चकव्यातून सुटायला डोके शांत ठेवावे लागते. म्हणून कोकणातली साहसकथा मारामारीची कमी आणि युक्तीची जास्त होईल, आणि कुटुंबात खेळायला तीच बरी.

आता दूरच्या माणसांचे. बोर्ली-श्रीवर्धनच्या पट्ट्यातले जवळजवळ प्रत्येक घर वाटले गेलेले आहे; कोणी मुंबईत, कोणी पुण्यात, कोणी आखातात. व्हिडिओ कॉलवर ‘जेवलात का, पाऊस कसा आहे’ एवढे झाले की बोलणे आटते, विशेषतः मुलांचे. एकत्र करायला काही असले तर ते आटत नाही. ‘रोल20’ हे संकेतस्थळ नेमक्या याच अडचणीतून निघाले. कॉलेजनंतर वेगवेगळ्या गावी गेलेल्या तीन मित्रांना आपला खेळ मोडू द्यायचा नव्हता. 2012 मध्ये लोकवर्गणी जमवून त्यांनी ते उभे केले. त्यावर सगळ्यांना एकच नकाशा दिसतो आणि सगळ्यांसमोर पासे पडतात. आवाजासाठी 2015 मध्ये आलेले डिस्कॉर्ड बहुतेक गट वापरतात. पण कुटुंबाला एवढाही सरंजाम नको. साधा व्हिडिओ कॉल, डीएमने कागदावर काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला नकाशा आणि पासा टाकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास एवढ्यावर खेळ चालतो. रेंज दगा देते तिथे लिहून खेळण्याचीही पद्धत आहे: डीएम सकाळी प्रसंग टाकतो, ज्याला जमेल तसा जो-तो दिवसभरात उत्तर लिहितो. कथा सावकाश सरकते, पण रोज सरकते.

आईवडिलांच्या मनातली धास्ती नवी नाही. 1979 मध्ये अमेरिकेत एक कॉलेजविद्यार्थी बेपत्ता झाला, वर्तमानपत्रांनी त्याचा संबंध डीएनडीशी जोडला, आणि पुढची दहा वर्षे हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो अशी ओरड चालली. 1989 च्या आवृत्तीतून ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ ही नावे कंपनीने काढूनसुद्धा टाकली. आरोप सिद्ध झाले नाहीत. आपल्याकडे भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या घरात मुंजा-वेताळ खेळात आणावेत की नाहीत, हा मात्र खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर त्या-त्या घरानेच द्यायचे आहे.

यासाठी खेळाडूंनी एक चांगली सोय शोधली आहे. जॉन स्टाव्रोपोलस या अमेरिकन डीएमने ‘एक्स-कार्ड’ सुचवले. टेबलाच्या मधोमध फुलीचा एक कागद ठेवायचा. नको असलेला प्रसंग आला की कोणीही त्यावर बोट ठेवायचे, प्रसंग तिथेच वळवायचा, कारण विचारायचे नाही. बोर्लीच्या आसपास हा कागद फार मोलाचा ठरेल. शेजारच्या दिवेआगरात 17 नोव्हेंबर 1997 ला सुपारीच्या वाडीत खणताना पेटी निघाली आणि तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. कोणत्याही डीएमला मोह पडावा असा हा प्रसंग आहे. पण 24 मार्च 2012 ला तोच मुखवटा दरोडेखोरांनी नेला आणि मंदिराचे दोन पहारेकरी मारले गेले. त्यांची माणसे त्याच परिसरात राहतात. 3 जून 2020 चे निसर्ग वादळही तसेच. वाड्या आडव्या झाल्या, छपरे उडाली, गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. खेळातले वादळ एखाद्या मुलाला त्या दिवसांची आठवण करून देईल. काय घ्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे, हे पासा हातात घेण्याआधीच बोलून घ्यावे.

खरी उणीव भाषेची आहे. डीएनडीची पुस्तके फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, इटालियन, जपानी भाषांत अधिकृतपणे निघाली, मराठीत नाहीत. शहरातली मुले इंग्रजीतून खेळतात आणि त्यामुळे आजोबा टेबलाबाहेर राहतात. खेळातला जो भाग मराठी माणसाला उत्तम येतो, तो हजरजबाबी बोलण्याचा भाग, नेमका इंग्रजीत लंगडा पडतो. यावर इलाज करण्याची वाट 2023 मध्ये मोकळी झाली. खेळाची मालक कंपनी नियम वापरण्याचा जुना मुक्त परवाना बदलू पाहत होती. जगभरच्या खेळाडूंनी विरोध केला, आणि जानेवारीच्या अखेरीस कंपनीने माघार घेऊन मूलभूत नियमांचा सुमारे 400 पानांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. मूळ श्रेय दिले की त्याचे मराठी भाषांतर कोणीही करू शकतो, छापू शकतो, विकूही शकतो.

सगळी 400 पाने लगेच नकोत. त्यातला मोठा भाग मंत्र आणि राक्षसांच्या याद्यांचा आहे. सहा गुण, पाशाचा नियम, लढाईत कोणाची पाळी कधी येते ते, आणि तयार करून ठेवलेली चार पात्रे, एवढे मराठीत आले तरी वीसेक पानांत काम भागते. एखाद्या शाळामास्तरांनी, वाचनालयाने किंवा कॉलेजच्या दोघा-तिघा मित्रांनी ते गणपतीच्या आधी करावे. चाकरमानी घरी आले की रात्रीच्या आरतीनंतर ओसरीवर पात्रे वाटता येतील आणि पहिली बैठक समोरासमोर होईल. दुसरी बैठक सगळे आपापल्या गावी परतल्यावर, रविवारी रात्री आठला ठेवली तर दुबईत साडेसहा वाजलेले असतात, लंडनच्या उन्हाळी वेळेनुसार दुपारचे साडेतीन आणि न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा. कोणालाही झोपमोड करावी लागत नाही.